आठवीतली लो व्हिजन मुलगी, टॅब कपाटात पडून, वर्गात नक्की वापरायचा कसा?

खटावची_बाई

नमस्कार सगळ्यांना. मी खटाव तालुक्यातल्या एका हायस्कूलला गणित आणि विज्ञान शिकवते. यंदा आठवीच्या वर्गात एक मुलगी आलीय, केस पांढरट, त्वचा एकदम गोरी, डोळे सतत हलत असतात आणि उन्हात तर ती डोळे उघडूच शकत नाही. सर्टिफिकेटवर लो व्हिजन लिहिलंय, म्हणजे चष्म्यानेही पूर्ण न सुधारणारी कमी नजर. पहिल्या बाकावर बसवते तरी फळ्यावरचं दिसत नाही, मैत्रिणीच्या वहीतून बघून उतरवते, तोवर मी पुढच्या गणितावर गेलेली असते. तोंडी विचारलं तर मात्र पटकन उत्तर देते, डोकं एकदम छान आहे पोरीचं.

आता मुद्दा असा की तिला मागे तालुक्याच्या शिबिरात एक टॅब आणि एक भिंग मिळालं होतं. भिंग ती घरी वापरते. टॅब शाळेत आहे, डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद केलीय आणि कपाटात कुलपात आहे, कारण फुटला तर जबाबदार कोण हा प्रश्न. मुख्याध्यापक माणूस चांगला आहे, पण त्यांनाही कळत नाहीये की वर्गात त्याचं करायचं काय. मी एकदा काढून पुस्तकाची पीडीएफ उघडून वाचायला लावली तर टॅब काहीतरी भलतंच बोलायला लागला, एक शब्द समजेना. बीआरसीचे (तालुक्याच्या गट साधन केंद्राचे) विशेष शिक्षक येतात पण त्यांच्याकडे इतक्या शाळा आहेत की त्यांना तरी किती वेळ मिळणार.

त्याच वर्गात एक मुलगा कानाला मशीन लावणारा आहे. त्याला काहीही विचारा, हो म्हणतो. कळलंय की नाही ते मला शेवटपर्यंत कळत नाही.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. स्पेशल शाळेत घाला हा सल्ला नको, पोरगी याच गावची आहे आणि तिला इथेच मैत्रिणींबरोबर शिकायचंय.

विशेष_शिक्षक_कराड

बाई, तुम्ही एवढ्या बारकाईने लिहिलंय त्यावरूनच अर्धं काम झालं म्हणायचं. मी हेच काम करतो, दुसऱ्या तालुक्यात.

टॅबचं नंतर बघू. आधी डोळ्यांचं. तुम्ही जे वर्णन केलंय ते अल्बिनिझमचं वाटतंय, म्हणजे जन्मतःच केस, त्वचा आणि डोळ्यांत रंगद्रव्य कमी असणं, डॉक्टरांचा कागद बघून खात्री करून घ्या, कारण लो व्हिजन हा शब्द फार ढोबळ आहे आणि त्यात अगदी उलट गरजा असलेली मुलं एकत्र येतात. उदाहरण सांगतो, रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेल्या मुलाची नजर हळूहळू कडेने आत येत जाते, मधला थोडासाच भाग दिसतो, अशा मुलाला अक्षर खूप मोठं करून दिलं तर एका वेळी दोनच अक्षरं नजरेत बसतात आणि वाचनाचा वेग अजून पडतो. त्याला उजेड भरपूर लागतो. अल्बिनिझमच्या मुलीला अक्षर मोठं लागतं पण उजेडाचाच त्रास होतो. म्हणजे एकाला जी खिडकीजवळची जागा चांगली ती दुसरीला एकदम वाईट. हे न बघता सगळ्यांना एकच भिंग आणि एकच टॅब वाटला जातो आणि मग तो कपाटात जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या वर्गात असं करून बघा. ती बसते तिथं स्वतः बसा, तिच्या उंचीला डोकं आणा, आणि फळा बघा. खिडकीची तिरीप फळ्यावर पडून चकाकी येते का? येत असेल तर खिडकीला पडदा नाहीतर साधा कागद लावा, किंवा तिला खिडकीकडे पाठ होईल असं बसवा. दुसरं, ती बघताना मान एका बाजूला वाकडी करते का ते बघा. करत असेल तर सरळ बस असं अजिबात म्हणू नका. डोळे हलणाऱ्या बऱ्याच मुलांना एक ठराविक कोन असा सापडतो की तिथं डोळ्याची थरथर सगळ्यात कमी होते, आणि त्या कोनात त्यांना सगळ्यात स्पष्ट दिसतं. मान डावीकडे वळवत असेल तर तिला वर्गाच्या कुठल्या बाजूला बसवलं की फळा त्या कोनात येतो ते तिलाच विचारून ठरवा, मधला पहिला बाकच चांगला असं काही नसतं.

पुस्तक नाकाला लावून वाचते म्हणून घरचे रागवत असतील तर त्यांनाही सांगा, जवळ धरल्याने डोळे खराब होत नाहीत. जवळ धरलं की अक्षर मोठं दिसतं म्हणून ती तसं करते. फक्त वाकून वाकून मान दुखते, त्यासाठी बाकावर उतरता लाकडी स्टँड ठेवा, गावातला सुतार करून देईल. परिपाठाला आणि खेळाच्या तासाला मोठ्या कडांची टोपी घालू द्या, गणवेशात बसत नाही म्हणून काढायला लावू नका, आणि अंगभर बाह्या असू द्या. खटावचं ऊन तुम्हाला सांगायला नको.

आता टॅब. एडिपमधून, म्हणजे दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून, मिळालेलं साहित्य त्या मुलीच्या नावावर असतं. पावतीवर तिचं नाव असेल, बघा. ते शाळेच्या डेडस्टॉकला चढवायचं कारणच नाही. मुख्याध्यापकांना पावती दाखवा, नोंद दुरुस्त करून घ्या, त्यांची भीती तिथंच संपेल. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १७ त्यांना वाचायला द्या, त्यात १८ वर्षांपर्यंत लक्षणीय दिव्यांगत्व म्हणजे ४० टक्के किंवा जास्त असलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तकं आणि योग्य सहायक साधनं मोफत पुरवायची असं स्पष्ट म्हटलंय.

तासगावचा_मास्तर

सर सगळं पटलं, पण एक खरी अडचण सांगतो. आमच्याकडे मोबाईल वर्गात आणायचा नाही असा नियम आहे आणि तो मीच आग्रहाने लावून घेतलाय, कारण पोरं गेममध्ये पार बुडालीत. एका मुलीला टॅब दिला की बाकीचे ४०-५० जण म्हणणार आम्हाला का नाही. त्यांना काय सांगायचं? आणि त्या मुलीलाही सगळे बघत राहतात याचं ओझं होत नाही का? मी विरोधात नाहीये, खरंच विचारतोय.

ब्रेलवाला_सांगली

मास्तर, तुमचा प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर मी देतो कारण मी त्या बाजूला बसलेला आहे. मी जन्मापासून पूर्ण अंध, सध्या सांगलीत बँकेत नोकरीला. सहावीपासून पुढं साध्या शाळेत शिकलो.

पोरांना लपवून काही सांगायला गेलं की त्यांना ते वेगळं वाटतं. माझ्या वर्गशिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात मला माझी ब्रेलची पाटी आणि स्टायलस (ठिपके टोचायची टोचणी) घेऊन पुढं उभं केलं आणि म्हणाले दाखव यांना कसं लिहितोस. सहा ठिपक्यांत अख्खी बाराखडी बसते हे बघून पोरं चाट पडली, प्रत्येकाला आपलं नाव लिहून पाहिजे होतं. त्यानंतर टकटक आवाजाची तक्रार कुणी केली नाही. तुमच्या वर्गात त्या मुलीला (तिची तयारी असेल तरच) टॅबच्या कॅमेऱ्याने फळा मोठा करून दाखवू द्या. पोरांना पाच मिनिटांत कळतं की हा गेमचा टॅब नाही, हा चष्मा आहे. चष्मेवाल्या पोराला बघून कुणी म्हणत नाही मला का नाही. आणि गेमची भीती असेल तर टॅबमध्ये नको ती अ‍ॅप काढून टाका, पासवर्ड बाईंकडे ठेवा, एवढं सोपं आहे ते.

ओझ्याचं म्हणाल तर खरं ओझं मैत्रिणीची वही मागायचं असतं. रोज मागायची, रोज तिच्या वेळेने मिळणार, तिचं अक्षर चुकलं तर आपलंही चुकणार.

बाई, तुमचा टॅब भलतंच बोलतो त्याचं कारण सांगतो. मराठीतल्या बऱ्याच पीडीएफ जुन्या फॉन्टमध्ये बनवलेल्या असतात, युनिकोडमध्ये नसतात. डोळ्याला अक्षर मराठी दिसतं पण आत साठवलेलं इंग्रजी चिन्हांचं कडबोळं असतं, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) बिचारा आत जे आहे तेच वाचतो. खात्री करायची असेल तर पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपला पेस्ट करा, तिथं मराठी आली नाही तर फाइल तसलीच आहे. उपाय म्हणजे ती फाइल गूगल ड्राइव्हवर टाकायची आणि गूगल डॉक्सने उघडायची, ते पानाचं चित्र वाचून मराठी अक्षरात करून देतं. पूर्ण पुस्तक एकदम टाकू नका, जड फाइल नीट होत नाही, धडा धडा तोडून टाका. मग एकदा कुणीतरी वाचून जोडाक्षरं दुरुस्त करायची. वर्गातलीच दोन पोरं हे काम हौसेने करतील, त्यांचाही धडा वाचून होईल. कॉपीराइटची काळजी करू नका, २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांगांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून देणं कायद्याने चालतं. आणि सुगम्य पुस्तकालय म्हणून २०१६ पासून ऑनलाइन ग्रंथालय आहे, तिथं सदस्य करून टाका, दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, मराठी पुस्तकंही आहेत तिथं.

आवाज मराठीत येण्यासाठी टॅबच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत टेक्स्ट टू स्पीच असतं, तिथं मराठीचा आवाज एकदा डाउनलोड करून ठेवा म्हणजे नेट नसलं तरी चालेल. शाळेत संगणक कक्ष असेल तर एनव्हीडीए हा संगणकाचा स्क्रीन रीडर टाकून घ्या, फुकट आहे. मायकेल करन नावाच्या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ ला सुरू केलं, पुढं जेम्स टेह जोडीला आला, दोघंही दृष्टिहीन. माझी बँकेतली रोजीरोटी त्याच्यावर चालते. त्याचा मराठी आवाज सुरुवातीला यांत्रिक वाटतो, आठवड्यात कान सरावतो. तुमच्या मुलीला सगळं ऐकूनच करायची गरज नाही, पण इतिहासासारखा लांबलचक धडा डोळे ताणून वाचण्यापेक्षा ऐकणं बरं, आणि डोळे गणितासाठी ताजे राहतील.

कोयनाकाठ

बाई त्या मशीनवाल्या पोराबद्दल मी बोलतो, आमचं पोरगं पण तसंच, सहावीत आहे, पाटण तालुक्यात शाळा.

हो म्हणतंय म्हणजे ऐकू आलं असं समजू नका ओ. ते हो म्हणतंय कारण नाही म्हटलं की सगळे वळून बघतात. आमच्या पोराच्या बाई आता कळलं का असं विचारतच नाहीत, काय कळलं ते सांग म्हणतात, आणि ते फक्त त्यालाच नाही, सगळ्यांनाच आळीपाळीने विचारतात, म्हणजे ते एकटं पडत नाही.

मशीनचं असं आहे की ते सगळाच आवाज मोठा करतंय, बाईंचा पण आणि बाकं सरकवल्याचा पण. जवळून बोललं तर चांगलं ऐकू येतंय, लांब गेलं की गेलं. आमच्या ऑडिओलॉजिस्टनी (ऐकू किती येतं ते तपासणाऱ्यांनी) सांगितलं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, वर्गात मागं फिरत फिरत शिकवलं की त्याला काही नाही कळत. आणि आमच्याकडं जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस सुरू झाला की मोठ्या माणसालापण ऐकू येत नाही तर त्याचं काय सांगायचं. त्यावर उपाय एफएम सिस्टीम. बाईंच्या गळ्यात छोटा माइक असतोय आणि आवाज थेट त्याच्या मशीनमधे जातोय, मधला गोंधळ येत नाही. सगळ्या मशीनला जोडता येत नाही, म्हणून घ्यायच्या आधी त्याचं मशीन कुठलं ते ऑडिओलॉजिस्टला दाखवून विचारा. माइक गळ्यात असताना बाई ऑफिसात गेल्या तर बंद करायचा लक्षात ठेवायचं, नाहीतर ते पोरगं सगळं ऐकतंय.

ते मिळेपर्यंत फुकटचं सांगतो. फळ्याकडं तोंड करून बोलायचं नाही, लिहून झालं की वळून बोलायचं, कारण ते ओठ बघून निम्मं ओळखतंय. दुसऱ्या पोराने उत्तर दिलं तर तुम्ही ते परत मोठ्यानं म्हणायचं, मागच्या बाकावरचं उत्तर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब अ‍ॅप आहे, बोललेलं मराठीत लिहून दाखवतंय, घरात दोघंतिघं असताना चांगलं चालतंय पण भरल्या वर्गात फार चुका करतंय आणि नेट लागतंय, त्याच्यावर विसंबून राहू नका.

आणि दमट हवेत मशीन खराब होतंय. रात्री सेल काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचं. तुमच्याकडं खटावला पाऊस कमी पण पोराला घाम येतोयच की. शाळेत एक जादा सेलचं पाकीट बाईंच्या ड्रॉवरमधे ठेवा. सेल संपला तर पोरगं सांगत नाही, गप्प बसून राहतंय दिवसभर.

जतचा_पंच

थोडक्यात पैशाचं सांगतो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावाच लागतो. बऱ्याच ठिकाणी तो वर्षअखेरीला सगळ्यांना थोडे थोडे पैसे वाटून संपवतात. पालकांनी डॉक्टरांची शिफारस आणि यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स जोडून लेखी अर्ज द्यावा, कुठलं साधन पाहिजे ते नाव आणि कोटेशनसह. मोघम मदत मिळावी असा अर्ज आला की आम्हालाही काय करावं कळत नाही. पोच घ्यायला विसरू नका. आणि पुढच्या वर्षाचं बजेट ठरायच्या आधी द्या, मार्चमध्ये आलात तर पैसे गेलेले असतात.

खटावची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पावतीवर तिचंच नाव निघालं, मुख्याध्यापकांनी टॅब लगेच काढून दिला, म्हणाले वापरा. आणि ती मान खरंच डावीकडे वळवते! इतके महिने समोर बसली होती. तिला भिंतीकडच्या रांगेत हलवलं, स्वतःहून म्हणाली इथं बरं आहे बाई.

डॉक्टरांचा कागद आईने आणून दाखवला, अल्बिनिझमच लिहिलंय.

आता गणिताचं सांगा. कॅमेऱ्याने फळा मोठा होतो पण मी पुढं पुढं जाते, तिला एका वेळी फळ्याचा तुकडाच दिसतो, समीकरणाची डावी बाजू बघेपर्यंत मी उजवी पुसलेली असते. भूमितीत तर कोनमापकावरचे आकडे तिला भिंगातूनही नीट दिसत नाहीत. आणि दहावीच्या परीक्षेला काय सोय असते, आत्तापासून काही करावं लागतं का?

विशेष_शिक्षक_कराड

परीक्षेचं आधी. बोर्डाला तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घेता येतो, तो खालच्या इयत्तेतला असतो. अर्ज शाळेमार्फत वेळेत जायला पाहिजे, कागदपत्रं नववीतच तयार ठेवा, यूडीआयडी नसेल तर आत्ताच सुरू करा. पण माझं आग्रहाचं म्हणणं असं की लेखनिक मिळतो म्हणून लगेच घेऊ नका. लेखनिकाला गणित सांगून लिहवून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे, कंस कुठं उघडला कुठं बंद केला हेही बोलावं लागतं, ते ऐनवेळी जमत नाही. तिला आठवीच्या घटक चाचणीत एकदा स्वतः लिहू द्या, एकदा लेखनिक द्या, दोन्ही वेळा किती वेळ लागला आणि दमली किती ते बघा. मग नववीत ठरवा. ठरवताना तिचं मत आधी.

वहीसाठी रुंद ओळींच्या वह्या आणि जाड काळं स्केचपेन किंवा जेल पेन द्या, फिकट निळ्या रेघा तिला दिसतच नसतील. आणि मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात लो व्हिजन क्लिनिक असतं, तिथं हातात धरायची छोटी दुर्बीण डोळ्यासमोर धरून बघू द्या, लांबचा फळा बघायला काही मुलांना ती टॅबपेक्षा आवडते, खिशात राहते आणि चार्जिंग लागत नाही. काहींना नाही आवडत. घ्यायच्या आधी वापरून बघणं महत्त्वाचं.

ब्रेलवाला_सांगली

बाई, गणितासाठी सगळ्यात मोठं साधन तुमचा आवाज आहे, हे मी मनापासून सांगतोय. गणिताच्या शिक्षकांच्या तोंडात हे इकडे घेतलं, याला याने भागलं, मग हे गेलं, असं बसलेलं असतं. डोळसाला बोट दिसतं, आम्हाला हे म्हणजे काय तेच कळत नाही. त्याऐवजी डावीकडचा अधिक पाच उजवीकडे नेला तो वजा पाच झाला, आता दोन्ही बाजूंना तीनने भागते, असं लिहिता लिहिता म्हणा. तुमचा वेग थोडा कमी होईल, पण बघा, वर्गातली निम्मी डोळस पोरंसुद्धा तेव्हाच पहिल्यांदा नीट समजून घेतील. त्या कानाच्या पोरासाठी मात्र लिहून झाल्यावर वळून एकदा परत म्हणायला लागेल, तेवढं करा.

फळा पुसायच्या आधी तिला टॅबने फोटो काढू द्या, मग ती बाकावर बोटांनी मोठा करून सावकाश बघेल. टॅबमध्ये रंग उलटे करायची सोय असते, पुस्तकाचं पांढरं पान काळ्यावर पांढऱ्या अक्षरात दिसतं, चकाकीचा त्रास असणाऱ्यांना ते बरं पडतं. फळ्याचे चार भाग करा उभ्या रेघा मारून आणि तिसऱ्या भागात लिहितेय असं सांगत जा, म्हणजे कॅमेरा कुठं फिरवायचा ते तिला शोधत बसायला लागणार नाही.

भूमितीला, आम्ही रबराच्या पाट्यावर जर्मन फिल्म लावून काढायचो, तो एक प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यावर टोकदार पेनने रेघ मारली की ती वर उठते आणि बोटाला लागते. टेलर फ्रेमवर आकडेमोड केली, त्यात अष्टकोनी भोकांत शिशाचे खुंट बसवायचे, खुंट आठ दिशांना फिरतो आणि त्याची दोन टोकं वेगळी, म्हणजे सोळा चिन्हं. तुमच्या मुलीला दिसतंय, तिला टेलर फ्रेमच्या नादी लावू नका, तिला उगीच मागं ओढल्यासारखं होईल. पण उठावाचा कोनमापक तिलाही चालेल. विकत शोधत बसू नका, साधा मोठा फळ्यावरचा लाकडी कोनमापक घ्या, दर १० अंशाला कडेला फेव्हिकॉलचा जाडसर थेंब द्या, ३०, ६० आणि ९० ला दोन दोन थेंब, रात्रभर वाळू द्या. मधले अंश ती अंदाजाने घेईल, आणि रचनेच्या गणितात पट्टी कंपासने ६० चा कोन काढायला तर कोनमापक लागतच नाही. पट्टीलाही दर सेंटिमीटरला ब्लेडने बारीक खाच करा.

खटावची_बाई

फेव्हिकॉलचं उद्याच करते, लाकडी कोनमापक शाळेत आहे. सर, विज्ञानाच्या प्रयोगात थर्मामीटर आणि मोजपात्र वाचायचं असतं तिथं काय करता?

ब्रेलवाला_सांगली

थर्मामीटर डिजिटल घ्या, आकडे मोठे असलेला, बोलणारापण मिळतो. मोजपात्राऐवजी मोठी इंजेक्शनची सिरिंज द्या सुई नसलेली, मेडिकलमध्ये मिळते, दट्ट्याला पाहिजे त्या मापावर खाच करून ठेवली की तेवढंच पाणी बोटाने मोजून घेता येतं. गरम करायचं काम असेल तर तिला जोडीदार द्या पण निरीक्षण तिचं तिलाच सांगू द्या, नाहीतर ती प्रयोगवहीत परत मैत्रिणीचंच उतरवत बसेल.